बापूस खोडला, वडील लिहिलं

पत्र:

‘माननीय ताईंस सविनय नमस्कार. आपणांस नम्र विनंती की, मी घणसोली गावचा मूळ रहिवासी व प्रकल्पग्रस्त असून, वय वर्षे 66, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कंपनीतून निवृत्त झालो आहे. आमचे गाव, खाजणातील शेती व सिडको आल्यानंतर काय झाले याबाबत लिहावे अशी आठ वर्षांपासून इच्छा आहे. त्यासाठी आजपर्यंत अकरा वह्या घेतल्या. एकीतही पहिल्या पानापुढे गेलो नाही. शिक्षण दहावी. घरची बोली आगरी, शुद्ध मराठी जमत नाही. सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. एका ओळखीच्या कवींना एक पान दाखवले, ते म्हणाले, थोडे साहित्यिक करा. तेव्हापासून पेन उचलला की हात जड होतो. मुलाने फोनवर बोलून टाईप करायला शिकवले, पण बापूस म्हटले की कापूस येते. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून भावाशी बोलणे बंद आहे, त्याने वाचले तर काय, हाही प्रश्न आहे. छापले जाईल काय, तेही कळवावे. तरी योग्य ते मार्गदर्शन मिळावे, ही विनंती.’

(पत्र चार पानी आहे. बाकीचं उत्तरात ओघानं येईलच. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आणि साडेबारा टक्के म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत द्यायची विकसित जमीन.)

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चहा घेताना, दुसऱ्यांदा भिंग घेऊन, आणि तिसऱ्यांदा फक्त खोडलेलं. ही माझी जुनी खोड. ठाण्यातल्या एका छापखान्यात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. माणसानं काय लिहिलंय त्याआधी काय लिहून पुसलंय तिकडे माझा डोळा जातो.

पहिली दोन पानं तुम्ही मला अर्ज केलाय. ‘विनंती की’, ‘असून’, ‘याबाबत’, ‘तरी’. फक्त ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ तेवढे राहिले. मी हसले, पण चेष्टेनं नाही. पुढे तुम्ही लिहिलंय की आळीत कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो तुमच्या ओट्यावर येतो; वडिलांच्या वेळची सगळी कागदपत्रं जपलेली जाड फाईल तुमच्याकडेच आहे. मग तुम्हाला लिहायची सवय नाही असं कसं म्हणू? चाळीसेक वर्षं तुम्ही लिहिताय. फक्त एकाच माणसाला लिहिताय, खिडकीच्या पलीकडे बसलेल्या.

अर्जात चूक चालत नाही. सातबाऱ्यावर ‘हिरू’ आणि अर्जात ‘हिरा’ झालं की कागद परत. मग नव्यानं स्टॅम्प, नव्यानं फेरी, साहेब जेवायला गेलेले. नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घेतली गेली त्या पट्ट्यात कितीतरी घरांचं लिहिणं म्हणजे तेवढंच: हरकत, विनंती, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. अशा हाताला वाटणारच, कागदावर उमटलं ते कुणीतरी तपासणार आणि चुकलं तर परत पाठवणार. तुमच्या मनात संकोच आहे असं तुम्ही म्हणता. मला तो मनात दिसत नाही, हातात दिसतो. हाताला एकच चाल शिकवली गेलीय.

तुमच्या वह्यांच्या पहिल्या पानावर काय आहे तेही तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत. अकराही वह्यांत, थोड्याफार फरकानं, एकच वाक्य: ‘घणसोली हे गाव ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेले असून’. आणि तिथं पेन थांबला. थांबणारच. ‘असून’ हा अर्जातला शब्द, त्याच्या मागोमाग मागणी यावी लागते. ‘रहिवासी असून, मला दाखला मिळावा.’ तुम्हाला वहीकडे मागायचं काहीच नव्हतं. वाक्य पुढं जाणार कुठं?

आता तिसरं पान. इथं पेन बदललाय, निळ्याचा काळा झालाय, आणि अक्षर उजवीकडे झुकलंय. बहुधा दुसऱ्या दिवशी, घाईत लिहिलं असावं. या पानावर तुम्ही मला विसरलात. वाचकांसाठी ते इथे देते, आणि तुमची क्षमा मागून, खोडाखोडीच्या आधीचं देते:

‘मी आठ वर्षांचा होतो. पिठोरी अमावास्या. घरात घड्याळ नव्हतं पन तिथीची पाऊणपट केली की भरती कळते, पंधराची सव्वाअकरा. त्या सुमाराला खांड गेली म्हणून हाळी आली. बापूस पुढं पळाला, आजा मागून. मना बांधावर कंदील धरून उभा केला. आजा बोलला, डोला कंदिलावर ठेव, हलू नको. काच तडकलेली, तिला कागद चिकटवलेला. उजेडाला चिंबोऱ्या आल्या. एक माझ्या पायावरून गेली. मी हललो नाही. मागं माणसं ओरडत होती, चिखल पडल्याचा आवाज येत होता. मी बघितलं नाही.’

आणि लगेच खाली, पुन्हा निळ्या पेनानं: ‘सबब सदर प्रसंगाची मला प्रत्यक्ष माहिती नाही.’

भाऊ, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि खिडकीत जाऊन उभी राहिले.

ज्यांना खाजण माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की खाडीकाठी मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि आत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात घ्यायचं, अशी ही शेती. बांध फुटला, म्हणजे ‘खांड गेली’, की खारं पाणी उभ्या भातात शिरतं. ते वर्ष तर जातंच, आणि जमिनीतलं मीठ उतरेपर्यंत पुढचं पीकही धड येत नाही. म्हणून ऐन उधाणाच्या रात्री अख्खं गाव चिखल घेऊन धावायचं. आज तुमच्या गावावरून पामबीच रस्त्याकडे जाणाऱ्या गाड्यांतल्या कुणाला सांगितलं की इथली माणसं पंचांगावरून समुद्राची वेळ काढायची, तर त्याला ते खरं वाटणार नाही. तुम्ही मात्र ते एका ओळीत, जाता जाता सांगून मोकळे झालात. चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला भरती. मी तुमचं पत्र आल्यापासून रोज तिथी बघते.

आता खोडलेलं बघू. ‘खांड’ खोडून वर ‘भगदाड’ लिहिलंय. ‘बापूस’ खोडून ‘वडील’. ‘मना’चं ‘मला’, ‘डोला’चा ‘डोळा’. ‘आजा बोलला’ खोडून ‘आजोबांनी सूचना केली’. यातलं शेवटचं वाचून तर मला आजोबांच्या हातात एकदम शिट्टीच दिसायला लागली. रात्री, वाऱ्यात, नातवाला ओरडून सांगणारा आजा सूचना करत नाही हो.

पहिलं काम हे: खोडलेले शब्द परत घ्या. नवीन काही लिहू नका. हे एकच पान दुसऱ्या कागदावर उतरवा, जसं आधी आलं होतं तसं.

शुद्ध-अशुद्धाचं तुम्ही विचारलंत, तर हा माझाच धंदा, म्हणून जरा जास्त बोलते. त्या फाईलमधले वडिलांच्या काळातले जुने अर्ज काढून बघा. कुणा मास्तरांनी लिहून दिले असतील. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘शेतांत’ असे डोक्यावर टिंब दिलेले शब्द त्यात सापडण्याची दाट शक्यता आहे. ते त्या मास्तरांच्या शाळेत शुद्ध होतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962मध्ये आले, 1972मध्ये त्यात आणखी चारांची भर पडली, आणि न उच्चारली जाणारी ती टिंबं गेली. मास्तर झोपेत असताना अशुद्ध झाले. आणि त्याच नियमांत, पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. म्हणजे तुमच्या आज्याला ‘डोला’ म्हणायची परवानगी सरकारदरबारी कधीचीच आहे.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. 1980च्या दशकात एका कोळीवाड्यातला तरुण आईच्या वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका छापायला घेऊन आला. सोळा पानी, त्यात त्यानं आईच्या आठवणी लिहिल्या होत्या. सगळीकडे ‘आयस’. ‘आयस बोलली’, ‘आयस बाजारात गेली’. मी ठाण्यात वाढलेले, कानाला शब्द ओळखीचा, पण हातात लाल पेन. छापील मराठीत ‘आईस’ म्हणजे ‘आईला’, तेव्हा वाचणाऱ्याचा घोटाळा होईल असा शहाणपणाचा विचार करून मी सोळाच्या सोळा पानांत ‘आई’ करून टाकलं. तो प्रुफं बघायला आला. उभ्यानंच वाचलं. मग एवढंच म्हणाला, ‘ताई, ही कोनाची आई?’

मी सगळं परत बदलायला तयार होते. त्यानं नको म्हटलं, घाई होती, श्राद्ध तोंडावर आलेलं. पुस्तिका तशीच गेली. त्यानंतर तो काही घेऊन आमच्याकडे आला नाही. त्यानं पुढे काही लिहिलं की नाही, हे मी स्वतःला अजून विचारते. तेव्हा ‘थोडं साहित्यिक करा’ म्हणणाऱ्या तुमच्या कवींना मी फार बोलू शकत नाही. त्यांच्या पंगतीला मीही बसलेय. पण त्यांना दुसरं पान दाखवू नका. कुणालाच दाखवू नका, निदान वर्षभर. सूनबाईंना नाही, मुलाला नाही, मलाही नाही.

फोनवर बोलून लिहायचा नाद तूर्त सोडा. तो फोन म्हणजे मीच, लाल पेन घेऊन बसलेली. बापसाचा कापूस मी केला नसता इतकंच. हां, तुमची मोठी बहीण दिवा गावी असते म्हणता, तिच्याशी बोलताना मात्र आवाज टिपून ठेवायला फोन वापरा, तिला सांगून. आणि तिला ‘सिडको आली तेव्हा काय झालं’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, भाषणातलं. कंदील कुठल्या खुंटीला असायचा ते विचारा. त्या रात्री पिठोरीचा नैवेद्य झाला का तसाच राहिला, ते विचारा. बाई बोलायला लागल्या की तुम्ही गप्प बसा.

वह्या. अकरा वह्या घेणाऱ्या माणसाला बारावी घेऊ नका असं सांगायला सल्लागार लागत नाही. पण त्या अकरा नातवंडांना देऊन टाका. कोरी चांगली वही समोर उघडली की ती साहेबासारखी बघते. रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर असतं ना, तळहाताएवढ्या कागदाचं, जाड तारखेचं, तसं एक आणा. फाडलेल्या पानाची पाठ कोरी असेल ते. तिच्यावर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मावत नाही आणि कुणी तिच्यावर ग्रंथ लिहिल्याचं ऐकिवात नाही. पुढच्या बाजूला तिथी छापलेली, ती तुमच्या कामाची. पानं एखाद्या बिस्किटाच्या डब्यात टाकत जा. क्रम लावायचा नाही. सुरुवात कुठून करावी हा प्रश्न अशानं निकालातच निघतो, कारण डब्याला पहिलं पान नसतं.

रोज लिहा, असंही मी सांगणार नाही. पहाटे उठून रोज तीन पानं लिहावीत असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांना माझा नमस्कार. मी स्वतः कधी चार दिवसांपलीकडे गेले नाही, आणि पाचव्या दिवशी चुकलं की सहाव्याला तोंड लपवावंसं वाटतं. तुमच्याकडे याहून चांगलं वेळापत्रक आहे. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्या मागचेपुढचे दोन-दोन दिवस, उधाणाचे, तेवढे लिहायचे. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाण्याला जोर नसतो, तेव्हा खुशाल तलावावर फिरायला जा. महिन्याकाठी दहा दिवस झाले. खाजणवाल्याला एवढं पुरे.

आणि लिहायचं काय? गाव नाही. प्रकल्प नाही. एका पानावर एक जिन्नस: कंदील, चिंबोरी, बांधावरची चप्पल काढून ठेवायची जागा, कंपनीतला पहिला डबा. ‘गावाचा इतिहास’ म्हटलं की तुम्ही पुन्हा टाय लावून बसाल. जिथं ‘असून’ किंवा ‘सबब’ येईल तिथं थांबायचं, हात मागे ओढायचा, आणि आजा काय बोलला असता ते लिहायचं.

भावाचा प्रश्न मी सोपा करू शकत नाही. प्लॉट कुणाच्या वाट्याला किती आला, बिल्डरशी कुणी परस्पर करार केला, हे तुम्ही पत्रात अर्धं पान लिहिलंत आणि ते अर्धं पान, खरं सांगते, मला वाचवलं नाही. ते खोटं आहे म्हणून नाही. त्यात तुम्ही वकील झालात. ते कधीतरी लिहा, वेगळ्या डब्यात. पण त्या रात्री बांधावर भाऊ होता का? तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा म्हणता, म्हणजे बारा वर्षांचा. तो चिखल वाहत असणार. तुम्ही मागे वळून बघितलं नाही, त्यानं सगळं बघितलंय. वाचून तो चिडेल की काय याची काळजी तुम्ही करताय. मला वाटतं, त्या रात्रीची उरलेली अर्धी गोष्ट त्याच्याकडे आहे. विचारायला जा असं मी म्हणत नाही. तुमच्यातलं काय ते तुम्हाला ठाऊक.

छापलं जाईल का? आत्ता हा प्रश्न नको. डबा भरल्यावर बघू.

शेवटचं, जे मी लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. तुमच्या सहीच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘84 ला मी जासईला नव्हतो. सेकंड शिफ्टला होतो.’ ना आगापिछा, ना विनंती.

नव्या वाचकांना कदाचित संदर्भ लागणार नाही. जानेवारी 1984मध्ये उरण तालुक्यात जासई आणि नवघर इथं प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा. 5 माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण पुढे आलं ते त्या रक्तातून. तुम्ही 25 वर्षांचे होतात, नोकरी नवीन होती.

तुमचा हात जड होतो तो या ओळीनं होतो असं मला वाटतं, बाकीची कारणं तिच्यापुढे उभी केलेली आहेत. ज्यानं खांड बघितली नाही, जो जासईला गेला नाही, त्यानं लिहायचं कशाच्या जोरावर, असं तुम्ही स्वतःला विचारत असणार. चूक असेन तर सोडून द्या. पण गेलेल्यांबद्दल दरवर्षी जानेवारीत बोललं जातं, फुलं वाहिली जातात, वाहायलाच हवीत. त्या दिवशी यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या पोराला बातमी कुणी सांगितली, कॅन्टीनमध्ये त्या रात्री जेवण झालं का, सुटल्यावर घरी कसा आला, दारात बापूस काय बोलला किंवा बोललाच नाही, हे माझ्या इतक्या वर्षांच्या प्रुफांत एकदाही आलेलं नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही ते कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंत.

त्या ओळीला आत्ता हात लावू नका. तिला वेळ लागेल. तिच्याआधी कंदील होऊ द्या.

आणि काहीही दाखवू नका म्हटलं असलं तरी एका गोष्टीचं उत्तर मला पोस्टकार्डानं कळवाच. काचेला कागद चिकटवलेला होता म्हणता. कसला कागद होता, वहीचा, पेपरचा की पतंगाचा? आणि चिकटवला कशानं, भाताच्या शितानं?